पॉट्सडॅम पाहावे, पण सान्सुसीपासून सुरुवात करू नये

#थ्रेड

बर्लिनच्या नैर्ऋत्येला, लोकल गाडीने पाऊण तासाच्या आत गाठता येणारे पॉट्सडॅम हे राजवाड्यांचे आणि उद्यानांचे शहर. तेथे उतरणाऱ्या बहुतेक पर्यटकांचा क्रम ठरलेला असतो. स्टेशनाबाहेर बस पकडायची, थेट सान्सुसी राजवाडा गाठायचा, द्राक्षमळ्याच्या पायऱ्यांवर छायाचित्रे काढायची, दुपारी डच वस्तीत कॉफी घ्यायची, वेळ उरलाच तर सेसिलिएनहोफमध्ये १९४५ च्या परिषदेचे गोल टेबल पाहायचे आणि संध्याकाळी परत. या क्रमाने सारे पाहून होते. फक्त पाहणाऱ्याची अशी समजूत होते की, हे शहर अठराव्या शतकात थांबले आणि तेव्हापासून तसेच्या तसे जपले गेले.

वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. पॉट्सडॅमात जे जुने दिसते त्यातले बरेच गेल्या पंचवीस वर्षांतले आहे, आणि ते उभे करण्यासाठी जे खरोखर पन्नास वर्षे जुने होते ते काही ठिकाणी पाडण्यात आले. कोणता काळ परत आणायचा आणि कोणता पुसायचा, हे या शहराने निवडले आहे. ही निवड दिसावी असे वाटत असेल, तर सान्सुसी शेवटी ठेवून फिरले पाहिजे.

सुरुवात स्टेशनापासून. तेथून हाफेल नदीवरचा 'लांब पूल' ओलांडला की, समोर गुलाबी-पिवळसर रंगाचा भव्य राजवाडा उभा राहतो. मागे कार्ल फ्रीडरिश शिंकेलने योजलेल्या निकोलाय चर्चचा घुमट. हा चौक म्हणजे आल्टर मार्क्ट, अर्थात जुना बाजार. पहिल्यांदा येणारा माणूस राजवाड्यासमोर थबकतो आणि प्रशियाच्या राजांची कल्पना करू लागतो. वास्तविक ही इमारत जानेवारी २०१४ मध्ये वापरात आली. आत ब्रांडेनबुर्ग राज्याची विधानसभा भरते. भिंती पांढऱ्याशुभ्र, सभागृह पूर्णपणे आधुनिक. राजवाडा आहे तो केवळ बाहेरून.

मूळ नगरप्रासाद १४ एप्रिल १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांच्या बाँबहल्ल्यात जळाला. युरोपातील युद्ध संपायला तेव्हा चार आठवडेसुद्धा उरले नव्हते. भिंतींचा बराच भाग मात्र उभा होता आणि दुरुस्ती अशक्य नव्हती. पूर्व जर्मनीच्या सरकारने १९५९-६० मध्ये ते अवशेष सुरुंग लावून पाडले. प्रशियाचे राजे म्हणजे सैनिकशाही, आणि सैनिकशाही म्हणजे हिटलरपर्यंत जाणारी वाट, असे त्यामागचे समीकरण होते. समाजवादी राज्याला शहराच्या मध्यभागी राजाचे घर नको होते.

नव्या इमारतीच्या पश्चिमेकडील भिंतीवर सोनेरी अक्षरांत एक फ्रेंच वाक्य लिहिलेले आहे. त्याचा अर्थ : हा राजवाडा नव्हे. रने माग्रीतच्या पाइपाच्या प्रसिद्ध चित्राचा हा उघड संदर्भ. अनेकांना तो कलावंताचा चावटपणा वाटतो. प्रत्यक्षात शहरातले ते सर्वांत प्रामाणिक वाक्य आहे. नक्कल करण्यात गैर काही नाही. नक्कल आहे हे लपवले की मात्र इतिहासाच्या जागी नेपथ्य येते. या भिंतीने ते लपवलेले नाही.

पण याच चौकाच्या दुसऱ्या बाजूची गोष्ट इतकी सरळ नाही. तेथे १९७० च्या दशकात बांधलेली, पूर्व जर्मन काळातील एक लांबलचक शैक्षणिक इमारत होती. शिक्षक-प्रशिक्षणासाठी ती उभारली गेली आणि जर्मनीच्या एकीकरणानंतर तेथे तंत्र व उपयोजित विद्यांचे महाविद्यालय भरत असे. ती सुंदर होती असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तरीही हजारो नागरिकांनी तिच्या बाजूने सह्या केल्या, काहींनी ती व्यापून आंदोलनही केले. २०१७-१८ मध्ये ती पाडण्यात आली आणि तिच्या जागी घरे आली. त्यांतल्या काहींचे दर्शनी भाग युद्धापूर्वीच्या घरांसारखे आहेत.

पाडणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. पॉट्सडॅमच्या ज्या पिढीने आपल्या डोळ्यांदेखत राजवाड्याचे अवशेष सुरुंगाने उडताना पाहिले, तिला विचारलेसुद्धा गेले नव्हते. एका पक्षाच्या राजवटीने परस्पर निर्णय घेतला. ती जखम भरून काढण्याची इच्छा कृत्रिम नव्हे. शिवाय २०१७ चा निर्णय निवडून आलेल्या नगरसभेने घेतला, हा फरक लहान नाही. तरी कृती पाहिली तर ती एकच : आधीच्या राजवटीची खूण नकोशी झाली म्हणून हटवली. पूर्व जर्मनी चाळीस वर्षे टिकली. त्या चाळीस वर्षांत पॉट्सडॅमात माणसे जन्मली, शिकली, लग्ने झाली, तुरुंगात गेली. तो काळ 'मधला अपघात' म्हणून वगळणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला मान्य होण्यासारखे नाही.

दुसरा मार्गही होता, हे स्टेशनाच्या मागच्या टेकडीवर दिसते. तेथे १९७७ साली सुरू झालेले 'मिन्स्क' नावाचे पूर्व जर्मन काळातील उपाहारगृह वर्षानुवर्षे पडीक होते, तेही पाडले जाणार होते. उद्योगपती हासो प्लाटनर यांनी ते वाचवले आणि २०२२ पासून तेथे कलासंग्रहालय आहे, ज्यात पूर्व जर्मन चित्रकारांना हक्काची जागा मिळाली. गंमत अशी की, विधानसभेच्या राजवाडी दर्शनी भागासाठी दोन कोटी युरो देणारे आणि आल्टर मार्क्टवरचा बार्बेरिनी प्रासाद नव्याने बांधून तेथे संग्रहालय उघडणारेही हेच गृहस्थ. एका धनिकाच्या आवडीवर शहराची स्मृती इतकी अवलंबून असावी का, हा प्रश्न पॉट्सडॅममध्ये विचारला जातो, आणि तो योग्यच आहे.

जुन्या बाजारातून पश्चिमेला रुंद रस्ता जातो. त्यावर एक नवाकोरा बरोक मनोरा दिसेल. हे गॅरिसन चर्च, म्हणजे छावणीचे चर्च. खरे तर चर्चचा केवळ मनोरा. फ्रेडरिक विल्यम पहिला, ज्याला 'सैनिक राजा' म्हणत, त्याने १७३० ते १७३५ या काळात मूळ चर्च बांधवले. राजा आणि सैन्य यांचे हे प्रार्थनास्थळ. २१ मार्च १९३३ रोजी याच चर्चमध्ये नव्या राइशस्टागच्या उद्घाटनाचा सोहळा झाला. वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग लष्करी गणवेशात, आणि नवा चान्सेलर हिटलर साध्या काळ्या कोटात, नम्रपणे झुकलेला. जुनी प्रशिया नव्या राजवटीला आशीर्वाद देत आहे, असे ते दृश्य रचलेले होते. दोनच दिवसांनी, २३ मार्चला, हिटलरला संसदेविना कायदे करण्याची मुभा देणारा कायदा संमत झाला.

चर्च १९४५ च्या त्याच हल्ल्यात जळाले आणि उरलेले अवशेष १९६८ मध्ये उडवले गेले. मनोऱ्याचे पुनर्निर्माण ही एकीकरणानंतरच्या जर्मनीतील अत्यंत कडवट वादांपैकी एक गोष्ट. पुनर्निर्माणाच्या पहिल्या काळात पुढाकार घेणाऱ्यांत उघड राष्ट्रवादी वळणाची माणसे होती. १९९१ मध्ये शहराला भेट मिळालेला घंटांचा संच जवळच वाजत असे. घंटांवरील काही लेखांत सैनिकी गौरवाचा आणि गमावलेल्या प्रदेशांचा सूर होता. विद्वान आणि कलावंतांनी जाहीर आक्षेप घेतल्यावर २०१९ मध्ये तो बंद करण्यात आला. मनोरा मात्र पुढे चालू राहिला. ऑगस्ट २०२४ मध्ये तो खुला झाला, आणि आत या जागेच्या काळ्या इतिहासाचे प्रदर्शनही आहे.

प्रदर्शन चांगल्या हेतूने केलेले आहे, यात शंका नाही. अडचण ही की, प्रदर्शन तिकीट काढून आत जाणाऱ्याला दिसते आणि मनोरा साऱ्या शहराला दिसतो. विधानसभेच्या भिंतीवर जसे एक वाक्य रस्त्यावरूनच वाचता येते, तसे येथे काही नाही. दूरवरून पाहणाऱ्याला एवढेच कळते की, प्रशिया परत आली. मनोऱ्याला अगदी खेटून मात्र पूर्व जर्मनीचे संगणक केंद्र अजून उभे आहे. त्याच्या तळमजल्यावरील भित्तिचित्रांत माणूस अवकाश जिंकताना दाखवला आहे. २०१५ पासून तेथे कलावंतांचे कारखाने आहेत. ते राहावे की जावे, हा वाद शहरात वर्षानुवर्षे चालला. राहावेच, असे मत येथे नोंदवायला हरकत नाही. १७३५ चा अवतार आणि १९७१ ची काँक्रीटची पेटी एकमेकांना खेटून उभ्या असणे कुरूप आहे खरे. पण त्या कुरूपतेत या शहराचे विसावे शतक जितके स्पष्ट वाचता येते, तितके कोणत्याही फलकावर येत नाही.

येथून लिंडेनश्ट्रासे या रस्त्याला वळावे. त्यावर लाल विटांचे, डच धाटणीचे एक देखणे घर आहे. त्याच 'सैनिक राजा'ने १७३० च्या दशकात ते लष्करी अधिकाऱ्यासाठी बांधवले. १८०९ मध्ये शहराची पहिली निवडून आलेली नगरसभा येथे भरली. पुढे येथे न्यायालय आणि तुरुंग आला. नाझी काळात कोणाची सक्तीने नसबंदी करायची हे ठरवणारे 'आनुवंशिक आरोग्य न्यायालय' येथेच बसे. १९४५ नंतर सोव्हिएत गुप्त पोलिसांचा तुरुंग, १९५२ पासून पूर्व जर्मनीच्या श्टाझीचा. लोक त्याला कडवटपणे 'लिंडेन हॉटेल' म्हणत. आज ते स्मृतिस्थळ आहे.

पर्यटकांच्या गर्दीपासून ते चार-पाच मिनिटांवर आहे. तरी या रस्त्यावर वळणारे थोडे. एका छपराखाली राजा, नगरसभा, नाझी, सोव्हिएत आणि श्टाझी हे सगळे होऊन गेलेले दुसरे घर शोधायला युरोपात बरीच पायपीट करावी लागेल. पॉट्सडॅममध्ये एकाच इमारतीसाठी वेळ असेल तर ती ही.

डच वस्ती पूर्वेला. १३४ लाल विटांची घरे, १७३० च्या दशकात यान बाउमान या डच स्थपतीच्या देखरेखीखाली बांधायला घेतलेली. हॉलंडमधून कारागीर यावेत ही इच्छा होती. अपेक्षेइतके आले नाहीत, मग सैनिक आणि इतर कारागीर राहायला आले. कॉफी चांगली मिळते. पुढे चलावे.

पुढे जाण्याआधी एक नोंद. परक्यांना बोलावून वसवणे ही प्रशियाची जुनी रीत, आणि तिचा मुख्य दस्तऐवज याच शहराच्या नावाने ओळखला जातो. १६८५ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांचे हक्क काढून घेतले, तेव्हा ब्रांडेनबुर्गच्या फ्रेडरिक विल्यम या 'थोर इलेक्टर'ने पॉट्सडॅमचा फतवा काढून त्या परागंदा ह्यूगनो लोकांना आश्रय दिला. सुमारे वीस हजार आले. सहिष्णुतेचे उदाहरण म्हणून हा फतवा हरघडी सांगितला जातो. त्याच इलेक्टरने तीनच वर्षे आधी, १६८२ मध्ये, आफ्रिकन व्यापारी कंपनी स्थापली होती, हे सहसा सांगितले जात नाही. तिने आजच्या घानाच्या किनाऱ्यावर ग्रोस फ्रीडरिशबुर्ग हा किल्ला बांधला आणि गुलामांचा व्यापार केला. निर्वासितांना दार उघडणारा आणि माणसे विकणाऱ्या कंपनीचा धनी हे एकच गृहस्थ होते. त्यांच्या कारकिर्दीचा एक भाग गाळून दुसरा सांगणे म्हणजे पुन्हा दर्शनी भिंतच बांधणे.

उत्तरेला 'नवी बाग' आणि तिच्या टोकाला सेसिलिएनहोफ. राजवाडा म्हणावा तर इंग्रज जमीनदाराची कोठी वाटते. १७६ खोल्या, लाकडी पट्ट्यांच्या भिंती, नक्षीदार विटांची धुराडी. बांधकाम १९१४ ते १९१७, म्हणजे युरोप खंदकांत मरत होता तेव्हा. मालक युवराज विल्हेल्म, कैसरचा थोरला मुलगा. १९३२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत आपण हिटलरला मत देणार असे याने जाहीर केले होते.

१७ जुलै ते २ ऑगस्ट १९४५ या काळात येथे स्टालिन, ट्रूमन आणि चर्चिल बसले. ब्रिटनच्या निवडणुकीचे निकाल २६ जुलैला लागले आणि चर्चिलच्या खुर्चीवर ॲटली आले. येथेच पोलंडची सीमा ओडर-नाइसेपर्यंत पश्चिमेला सरकली आणि पूर्व युरोपातील लक्षावधी जर्मनांची घरे सुटणे ठरले. अंगणातील लाल फुलांचा तारा सोव्हिएत यजमानांनी लावला, तो आजही लावतात. त्या दिवसांतला सर्वांत जड निर्णय मात्र या टेबलावर झाला नाही. ट्रूमन काही किलोमीटरवर, ग्रीब्निट्झ तळ्याकाठच्या एका बंगल्यात उतरले होते. अमेरिकेच्या वाळवंटातील अणुचाचणी यशस्वी झाल्याची वार्ता त्यांना तेथे पोहोचली, आणि ते तेथे असतानाच २५ जुलैला बाँब टाकण्याचा आदेश निघाला. त्या बंगल्यासमोरच्या चौकाला आता हिरोशिमाचे नाव आहे. सेसिलिएनहोफ पाहणाऱ्या शंभरांतले दोन-चारही तिकडे जात नसावेत.

बागेच्या काठाने चालत गेले की, पाणी आणि पलीकडचा किनारा दिसतो. हे दृश्य १९६१ ते १९८९ या काळात नव्हते. पलीकडे पश्चिम बर्लिन होते, म्हणून भिंत या बागेतूनच, पाण्याच्या कडेने गेली. झाडे तोडली, वाटा उखडल्या, गस्तीचा पट्टा झाला. बागेची आजची हिरवळ ही बागकाम करणाऱ्यांनी १९९० नंतर जुन्या नकाशांवरून परत आणलेली आहे. त्याच साली युनेस्कोने पॉट्सडॅम आणि बर्लिनचे राजवाडे व बागा जागतिक वारशाच्या यादीत घातल्या. भिंतीची खूण येथे फार थोडी उरली. ती आणखी थोडी ठेवायला हवी होती.

वाट ग्लिनिके पुलाशी संपते. १९४९ मध्ये दुरुस्त होऊन तो खुला झाला, तेव्हा पूर्व जर्मनीने त्याचे नाव ठेवले 'एकतेचा पूल'. पुढे सामान्य माणसाला तो ओलांडता येईना. ओलांडत ते हेर : १० फेब्रुवारी १९६२ ला सोव्हिएत हेर रुडॉल्फ आबेल आणि पाडलेल्या यू-२ विमानाचा चालक गॅरी पॉवर्स यांची येथे अदलाबदल झाली.

पुलापासून ट्रामने परत शहरात, आणि आता सान्सुसी. संध्याकाळ होत आलेली असावी.

सहा टप्प्यांचा द्राक्षमळा, वर एकमजली पिवळा राजवाडा. १७४५ ते १७४७ या दोन वर्षांत बांधलेला. नावाचा अर्थ 'चिंतेविना'. नाव ठेवणारा फ्रेडरिक दुसरा बासरी वाजवी, फ्रेंचमध्ये लिही, व्हॉल्टेअरला तीन वर्षे पदरी ठेवी. सत्तेवर येताच त्याने कैद्यांचा छळ जवळजवळ बंद केला आणि त्याच वर्षी, १७४० मध्ये, कुरापत नसताना सायलीशियावर चाल केली.

त्याने लावलेल्या आगीपैकी एकीचा धूर हिंदुस्थानापर्यंत आला. सप्तवार्षिक युद्धात फ्रेडरिक इंग्लंडचा दोस्त होता. इंग्लंड त्याला पैसा पुरवी आणि तो फ्रान्सच्या फौजा युरोपात गुंतवून ठेवी. फ्रान्सची ताकद अशी विभागली गेली. ज्या आठवड्यात, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपतावर मराठी फौज मोडली, त्याच आठवड्यात पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडली. युद्ध संपताच फ्रेडरिकने बागेच्या दुसऱ्या टोकाला 'नवा राजवाडा' बांधायला घेतला. आपला खजिना रिता झालेला नाही हे जगाला दाखवणे एवढाच त्याचा उपयोग होता, आणि तो स्वतः त्याला बडेजाव म्हणे.

राजवाड्याशेजारी पवनचक्की आहे. तिच्या कथेत गिरणीवाला राजाला न्यायालयाची धमकी देतो आणि राजा नमतो. प्रशियात कायदा राजाहून मोठा होता, असे सांगायला ती फार उपयोगी पडली. कथा खोटी. गिरणीवाल्याची खरी तक्रार अशी होती की, राजवाड्यामुळे त्याच्या चक्कीचा वारा अडतो. चक्कीदेखील १९४५ मध्ये जळाली, आजची १९९३ ची आहे. मोठे कारंजे फ्रेडरिकच्या हयातीत कधी धड चालले नाही. ते ३८ मीटर उंच उडाले १८४२ मध्ये, हाफेलकाठच्या वाफेच्या पंपामुळे. तो पंप ज्या इमारतीत आहे ती मशिदीसारखी बांधली आहे आणि तिचा मिनार म्हणजे धुराडे. पॉट्सडॅमला सोंग घ्यायची हौस जुनीच.

मुख्य वाटेवर एका गोल चौकात आफ्रिकी माणसांचे चार रंगीत संगमरवरी अर्धपुतळे आहेत. त्या चौकाचे जुने जर्मन नाव आज अवमानकारक मानल्या जाणाऱ्या शब्दावरून पडले होते, ते आता उद्यानाची व्यवस्था पाहणारी संस्था वापरत नाही. पुतळे हलवले नाहीत, हे बरे झाले.

शेवटी वरच्या टप्प्यावर, उजव्या हाताला, जमिनीसपाट एक साधी शिळा. त्यावर राजाचे नाव एवढेच. शेजारी त्याच्या कुत्र्यांच्या शिळा. येथेच, कुत्र्यांजवळ, रात्री, समारंभाविना पुरावे, अशी फ्रेडरिकची इच्छा होती. १७८६ मध्ये तो मेला तेव्हा पुतण्याने त्याला गॅरिसन चर्चमध्ये नेले आणि ज्या बापाने १७३० मध्ये त्याच्या जिवलग मित्राचा, काट्टेचा, शिरच्छेद करवला, त्याच्याच शेजारी ठेवले. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही शवपेट्या ठुरिंगियातील खाणीत लपवल्या गेल्या, तेथून अमेरिकनांनी मारबुर्गला नेल्या, १९५२ मध्ये त्या दक्षिणेकडच्या होहेनझोलर्न किल्ल्यात गेल्या. १७ ऑगस्ट १९९१ च्या रात्री राजा येथे परतला. चान्सेलर कोल उपस्थित होते, सैनिकांचा पहारा होता, दूरचित्रवाणीचे कॅमेरे होते. समारंभ नको, हे कोणी ऐकले नाही.

शिळेवर लोक बटाटे ठेवून जातात. फ्रेडरिकने प्रजेला बटाटा खायला शिकवले, अशी समजूत आहे. १७५६ चा त्याचा लागवडीचा हुकूम खरा आहे, पण प्रत्यक्षात बटाटा रुजायला पुढची कित्येक वर्षे लागली. कोणी बटाट्यावर पेनाने आपले नाव लिहिलेले असते.